दहावा असाक्षर

गावात अडाणी माणूस सापडेना म्हणून एका माणसाच्या तोंडचं पाणी पळालं, असं सांगितलं तर ऐकणारा हसेल. हसू दे. गुरुशांत तोळनुरे गुरुजींच्या तोंडचं पळालं होतं, आणि तेही सकाळी साडेनऊला, शाळेच्या दारात मोटारसायकल उभी करता करता.

केंद्रप्रमुख सयाजीराव साहेबांचा मेसेज आला होता. केंद्रप्रमुख म्हणजे दहा-बारा शाळांवर देखरेख ठेवणारा अधिकारी. सयाजीराव ती देखरेख मुख्यतः मोबाइलवरून ठेवत. मेसेज असा: 'साक्षरता अभियानांतर्गत प्रत्येक शिक्षकाने दहा असाक्षर व्यक्ती शोधून आज सायंकाळी पाचपर्यंत ऑनलाइन नोंदवाव्यात. सबब ऐकून घेतली जाणार नाही.' त्याखाली गुलाबाचं फूल आणि 'शुभ प्रभात'.

गुरुजींनी मान वर केली तर समोर शाळेची भिंत. भिंतीवर निळ्या रंगात, ठसठशीत अक्षरात लिहिलेलं, 'आमचे गाव, संपूर्ण साक्षर गाव'. अक्षर गुरुजींचंच होतं. सहा वर्षांपूर्वी असाच एक मेसेज आला होता, त्यात पाच वाजेपर्यंत गाव साक्षर करायचं होतं. ते त्यांनी साडेचारलाच केलं होतं. रंग चांगला निघाला, अजून टिकून होता.

शाळा दक्षिण सोलापूर तालुक्यातली, शहरापासून बावीस किलोमीटरवर, चार वर्गांना दोन शिक्षक. दुसरे शिक्षक बिरप्पा गुरुजी. ते मुख्याध्यापकही होते आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली असल्यामुळे कशानेही हलत नसत.

"तवा साक्षर करा म्हनले, केलं. आता असाक्षर करा म्हनत्यात, करायचं," बिरप्पा गुरुजी म्हणाले. "तुमी पोरांकडं बघून जावा. मी माझे दहा लिवून टाकलो."

"कुठून आणले?"

"माझ्या गावचे हायती. वारलेले सोडून बाकी सगळे."

गुरुजी वर्गावर गेले. तिसरीला वजाबाकी चालू होती. त्रेपन्नातून सव्वीस. तिनातून सहा जात नाहीत म्हणून त्यांनी शेजारच्या पाचाकडून एक दशक उसनं घेतलं, फळ्यावर पाच खोडून चार केले, आणि तेवढ्यात पुन्हा मेसेज वाजला. 'किती झाले?' सयाजीराव विचारत होते. गुरुजींनी खडू ठेवला, शुद्धलेखन काढा म्हणून सांगितलं आणि चप्पल घातली. मागून पहिल्या बाकावरच्या पायलने विचारलं, "गुरुजी, उसनं घेतल्यालं परत कवा द्यायचं?" गुरुजी "आलो" म्हणाले. ते दशक पुढे तीन दिवस तसंच फळ्यावर लटकून होतं.

पहिलं घर केराबाईंचं. केराबाईंना अक्षर येत नाही हे साऱ्या गावाला ठाऊक. त्या दारात तूर निवडत बसल्या होत्या. गुरुजींनी शक्य तितक्या मऊ आवाजात विषय काढला.

"म्हंजे मला अडाणी म्हनायला आलास व्हय, गुरुजी?" केराबाईंनी सूप खाली ठेवलं. "म्हाताऱ्या मानसाच्या दारात येऊन? बचत गटाच्या वहीत सही करती मी. इचार की कुनाला बी!"

ती सही म्हणजे तीन उभ्या रेघा आणि एक आडवी होती. पण गुरुजींना ते बोलायचा धीर झाला नाही. पुढच्या चार घरी तेच झालं. ज्यांना खरंच वाचता येत नव्हतं त्यांना लाज होती, आणि लाजेवर कोणत्याही मेसेजचा इलाज चालत नाही. याउलट पारावर बसून रोज सगळ्या गावाला पेपर वाचून दाखवणारे कोंडीबा आपणहून उठून आले.

"माझं नाव घाला की, गुरुजी. अडान्याला कायतरी मिळनार हाय म्हनं."

"तुम्ही पेपर वाचता कोंडीबा."

"वाचतो, पर ध्येनात ऱ्हात न्हाय."

चार वाजेपर्यंत नऊ नावं झाली. त्यात सहा जण पेपर वाचणारे, दोघी बचत गटाच्या अध्यक्ष आणि सचिव, आणि एक बारावी नापास. दहावा काही मिळेना. गुरुजींनी सबब सांगितली, ती ऐकून घेतली गेली नाही, पण आठवड्याची मुदत मिळाली.

गुरुजी सोलापुरात पूर्व भागात राहत. घरी बायको वैजयंती आणि आई निंगव्वा. ते पोचले तेव्हा गल्लीत पाण्याची गडबड होती, कारण पाच दिवसांनी नळ आला होता. सोलापुरात नळ येतो तेव्हा सगळी माणसं एकाच वेळी दारात असतात, एकाच वेळी मोकळ्या मनाची होतात आणि जो सापडेल त्याला सल्ला देतात. वैजयंतीने नवऱ्याची अडचण घागर भरता भरता शेजारी सांगितली. शेजारी सुंदरम्मा. मूळचं तेलुगू घराणं, नवऱ्याचे टॉवेलचे चार माग. त्यांनी पाइप दुसऱ्या पिंपात सोडला आणि म्हणाल्या, "सर, गावभर कशाला फिरतो तुमी? तुमची अम्मा हाय की घरात!"

साऱ्या गल्लीने गुरुजींकडे वळून पाहिलं.

गुरुजींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सव्वीस वर्षं नोकरी. जनगणना त्यांनी केली, मतदारयाद्या त्यांनी केल्या, गावातली संडासं, शेळ्या आणि शाळाबाह्य मुलं त्यांनी मोजली. प्रत्येक वेळी स्वतःच्या घराचा फॉर्म भरताना आईच्या नावापुढे 'शिक्षण' या रकान्यात ते 'इयत्ता चौथी' असं लिहीत. कुणी विचारलं नव्हतं, कुणी तपासलं नव्हतं. मास्तराची आई अंगठा लावते हे कागदावर बरं दिसत नाही, एवढंच. होता होता त्यांचाही त्यावर विश्वास बसला होता.

निंगव्वा अक्कलकोटकडच्या. घरात कानडी, बाजारापुरती मराठी. नवरा लवकर गेला, मग तीस वर्षं त्यांनी कडक भाकऱ्या थापून विकल्या आणि एका मुलाला मास्तर केलं. शाळेची पायरी मात्र त्या भाकरीचा डबा पोचवायलाच चढल्या.

"अव्वा, तुला लिहाय-वाचाय शिकायचंय का?" गुरुजींनी विचारलं.

निंगव्वांनी हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, "गाडीची पाटी वाचाय येईल का?"

"येईल की."

"मग शिकव."

गाडीच्या पाटीची गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती. दोन वर्षांपूर्वी निंगव्वा एकट्याच अक्कलकोटला बहिणीकडे निघाल्या आणि कुणीतरी बोट दाखवलं त्या गाडीत बसून मंगळवेढ्याला उतरल्या. तेव्हापासून त्यांना कुणी एकटं सोडत नसे. बहिणीला भेटायचं तर मुलाला सुटी पाहिजे, आणि मुलाच्या सुट्या शासनाच्या कामाला लागलेल्या. बहीण आता अंथरुणाला खिळली होती.

असाक्षराची नोंद करायला अंगठा लागतो. आधार केंद्रावरच्या माणसाने निंगव्वांचा अंगठा यंत्रावर ठेवला, दाबला, पुसला, पुन्हा ठेवला. "आजी, ह्याच्यावर रेषाच न्हाईत," तो म्हणाला. तीस वर्षं तव्यावरची भाकरी बोटांनी उलटून रेषा गेल्या होत्या. म्हणजे पंचाईत अशी की ज्या बाईला आयुष्यभर अंगठ्यावाचून काही येत नव्हतं, तिचा अंगठाही शासनाला ओळखू येईना.

मग सल्ले सुरू झाले. सुंदरम्मा म्हणाल्या खोबरेल लावा. वैजयंती म्हणाली लिंबू चोळा. बिरप्पा गुरुजींनी शाळेतून निरोप दिला की चार दिवस भाकरी थापू देऊ नका, रेषा आपोआप उगवतील. म्हणून चार दिवस घरात भात झाला. निंगव्वा लिंबाच्या वासाचे हात मांडीवर ठेवून पाटावर बसून राहिल्या आणि भात खाऊन गुरुजींचं पोट बिघडलं. पाचव्या दिवशी केंद्रावर दहाही बोटं लावून पाहिली, तेव्हा डाव्या करंगळीने होकार दिला. त्या करंगळीच्या जोरावर निंगव्वा अधिकृतपणे असाक्षर झाल्या. गुरुजींना इतका आनंद झाला की त्यांनी येताना पेढे आणले. आई अडाणी ठरली म्हणून पेढे आणणारा सोलापुरातला तो पहिलाच मुलगा असावा.

आता शिकवायचं. पण त्याआधी शिकवत असल्याचा पुरावा द्यायचा होता. सयाजीरावांचा आदेश आला: 'दर रविवारी अध्यापन करतानाचा फोटो पाठवावा. पुस्तक स्पष्ट दिसावे. शिक्षकाचे बोट ओळीवर असावे. चेहरे हसरे असावेत.' दहा जणांत मिळून एकच वाचनपुस्तिका आली होती. तिचं सातवं पान गुरुजींना पसंत पडलं, कारण त्यावर नळाचं मोठं चित्र होतं आणि ते फोटोत उठून दिसायचं. फ्रिजवर साखरेचा स्टीलचा डबा, डब्याला टेकवून मोबाइल, दहा सेकंदांची वेळ लावलेली. गुरुजी धावत येऊन आईच्या शेजारी बसले आणि चित्राखालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"काय लिवलंय?" निंगव्वांनी विचारलं.

"नळाला पाणी आले."

"आज? आज आपली पाळी कुटं हाय?"

"तसं नाही अव्वा, लिहिलंय तसं. वर बघ. हस."

फोटो निघाला. निंगव्वा पुस्तकाकडे वळल्या आणि म्हणाल्या, "हं, शिकव आता." पण फोटो पाठवायचा, तारीख घालायची, नऊ जणांची हजेरी भरायची, ती भरताना सर्व्हर बसायचा, तो उठेपर्यंत दुसरं कुठलं तरी सर्वेक्षण यायचं. "उद्या बघू अव्वा," गुरुजी म्हणाले. शिकवल्याचा अहवाल भरता भरता शिकवायचं राहून जात होतं. ही गोष्ट त्यांनी बिरप्पा गुरुजींना सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "मग शाळेत आपन दुसरं काय करायलोय?"

दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी तेच. तेच पान, तीच ओळ, तेच बोट. निंगव्वा फोटोसाठी पदर सारखा करायला शिकल्या, डब्याकडे बघून हसायला शिकल्या. फोटो झाला की "शिकव की" म्हणायच्या. चौथ्या आठवड्यापासून त्या विचारायच्या बंद झाल्या. गुरुजींना ते लक्षात आलं, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. सव्वीस वर्षं ज्याने दुसऱ्यांच्या पोरांना अ-आ-इ गिरवायला लावलं, त्याला स्वतःच्या आईला एक अक्षर दाखवायला पंधरा मिनिटं मिळू नयेत, याचा विचार तो करायला लागला तर त्याला जेवण जाणार नाही. म्हणून गुरुजी तो विचार करत नसत.

"अहो, अव्वा पिठात बोटानं कायतरी गिरवत बसत्यात," वैजयंती एकदा म्हणाली. गुरुजींनी ऐकलं आणि शालेय पोषण आहाराची माहिती भरली.

मार्चच्या एका रविवारी परीक्षा लागली. नेम असा की दहाही जणांनी शाळेत यायचं आणि दिवसभरात कधीही पेपर लिहून द्यायचा. गुरुजी आईला मोटारसायकलवर मागे बसवून बावीस किलोमीटर घेऊन गेले. भिंतीवरच्या 'संपूर्ण साक्षर गाव' या अक्षरांखाली सतरंजी टाकून परीक्षार्थी बसले होते. बसले होते म्हणजे नऊपैकी तिघे आले होते. कोंडीबांनी स्वतःचा पेपर अर्ध्या तासात लिहिला आणि न आलेल्या सहाजणांचे मागून घेतले. बचत गटाच्या दोघी एकमेकींचे लिहीत होत्या. अशा परीक्षांत हीच पद्धत होती, कुणाला त्यात गैर वाटत नव्हतं. पान कोरं राहता कामा नये एवढाच सयाजीरावांचा दंडक होता.

"आजींचा मी लिवू का?" कोंडीबांनी आपलेपणाने विचारलं.

"साकु," निंगव्वा म्हणाल्या. कानडीत साकु म्हणजे पुरे. त्यांनी पेन्सिल मागून घेतली, उलथनं धरावं तशी मुठीत धरली आणि कागदावर वाकल्या.

तीन तास लागले. त्या तीन तासांत गुरुजींनी दोनदा जवळ जाऊन पाहायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा निंगव्वांनी पदराने कागद झाकला, शाळेतली हुशार पोरं झाकतात तसा. मग त्यांनी पेपर दिला, कंबर सरळ केली आणि नळावर हात धुवायला गेल्या.

गुरुजींनी कागद पाहिला. पहिला प्रश्न, तुमचे नाव लिहा. उत्तर: नळाला पाणी आले. दुसरा प्रश्न, तुमच्या गावाचे नाव लिहा. नळाला पाणी आले. बाजारातून आणायच्या पाच वस्तू, घड्याळातले वाजलेले किती, आठवड्याचे वार: नळाला पाणी आले. सतरा प्रश्न होते, सतराही ठिकाणी ती ओळ होती. अक्षरं वाकडी, मोठी, काही आडवी पडलेली. पण काना-मात्रा सगळ्या जागच्या जागी होत्या. कुणीही न शिकवता, दर रविवारी दहा सेकंद पाहून, पिठात गिरवून त्यांनी एवढं मिळवलं होतं.

इथे एखाद्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. गुरुजींच्या अंगाला घाम आला. उद्या हा पेपर वर जाणार, कुणीतरी तपासणार, नाव वाचणार, मुलाचा व्यवसाय वाचणार: शिक्षक. ग्रुपवर फोटो फिरणार. बिरप्पा गुरुजी खांद्यावरून वाकून बघत होते. ते हळूच म्हणाले, "कोरा पेपर हाय एक शिल्लक."

निंगव्वा केराबाईंच्या ओट्यावर पाणी प्यायला टेकल्या होत्या, तेवढ्या वेळात गुरुजींनी तो कोरा पेपर डाव्या हाताने लिहिला. डाव्या हाताने अशासाठी की अक्षर अडाणी दिसावं. अक्षर दिसलं, पण उत्तरं काही अडाणी येईनात. मास्तराला चुकीचं उत्तर लिहिता येत नाही, हा त्या जातीला असलेला रोग आहे. वजाबाकी त्यांनी पडताळा घेऊन केली. 'मुलाला पत्र लिहा' या प्रश्नाला मायना, दिनांक आणि आशीर्वादासकट पत्र लिहिलं. त्यात आईने मुलाच्या कष्टांचं कौतुक केलं होतं. शेवटी मनावर दगड ठेवून एक जोडाक्षर मुद्दाम चुकवलं. आईचा पेपर त्यांनी चौघडी करून शर्टाच्या खिशात घातला.

"माझा कागद दिलास?" परतीच्या वाटेवर निंगव्वांनी मागून विचारलं.

"दिला."

"बरोबर आलंय का?"

"आलंय," गुरुजी म्हणाले आणि गाडीचा वेग वाढवला.

दोन दिवसांनी त्यांना खिशाची आठवण झाली, तेव्हा शर्ट धुऊन दोरीवर वाळत होता. खिसा रिकामा होता. कागद पाण्यात विरघळला असेल, असं समजून त्यांनी निःश्वास टाकला.

निकाल लागला. निंगव्वा तोळनुरे, दीडशेपैकी एकशे अठ्ठेचाळीस, तालुक्यात पहिल्या. परीक्षा झाली ती कुणी फारशी पाहत नाही, पण पहिला नंबर सगळे पाहतात. सयाजीरावांचा फोन आला, आणि तो मेसेज नव्हता, खरा फोन होता. "गुरुजी, कमाल केलीत! मुलगा शिक्षक, आई विद्यार्थिनी! वरच्या साहेबांना फार आवडलंय. आजींचा जाहीर सत्कार ठेवलाय. पुढच्या गुरुवारी, सभागृहात. आजी दोन शब्द वाचून दाखवतील. हसऱ्या चेहऱ्याने."

गुरुजींची झोप उडाली, भूक गेली. आईला ताप आला म्हणून कळवावं असं त्यांनी ठरवलं. पण तोवर वैजयंतीने गल्लीत सांगितलं होतं आणि सुंदरम्मांनी नव्या टॉवेलांची जोडी आणून निंगव्वांचा पहिला सत्कार उरकूनही टाकला होता. निंगव्वा मात्र फार बोलल्या नाहीत. "पैला नंबर?" एवढंच म्हणाल्या आणि मुलाकडे बघत राहिल्या. गुरुजींना त्या बघण्यात अभिमान दिसला. माणसाला जे पाहिजे ते दिसतं.

गुरुवारी सभागृह भरलेलं होतं. भरायला शिक्षकच बोलावले होते, म्हणजे साठ-सत्तर शाळा त्या दिवशी शुद्धलेखन काढत असणार. निंगव्वांना शाल घातली, नारळ दिला, चौकटीतलं प्रमाणपत्र दिलं. वरचे साहेब माईकवर म्हणाले, "आजी, एवढं प्रमाणपत्र आम्हाला वाचून दाखवा. आपल्या सगळ्यांना प्रेरणा मिळेल."

गुरुजी पहिल्या रांगेत होते. आता आई म्हणणार, मला येत नाही, ह्याने नुसते फोटो काढले. सव्वीस वर्षांची इभ्रत या माईकवर जाणार. त्यांना उठून पळावंसं वाटलं.

निंगव्वांनी प्रमाणपत्र दोन्ही हातांत धरलं. मुलाकडे एकदा पाहिलं. मग पदर सारखा केला, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, फोटोवाल्याकडे बघून हसल्या आणि मोठ्यांदा वाचलं, "नळाला पाणी आले."

मागच्या रांगेतून कुणीतरी दचकून विचारलं, "कुठल्या भागात?"

तेवढ्यात साहेबांनी टाळ्या वाजवल्या. ते शेजारच्यांशी बोलत होते, त्यांनी काही ऐकलंच नव्हतं. साहेबांनी वाजवल्या म्हणून सयाजीरावांनी वाजवल्या, सयाजीरावांनी वाजवल्या म्हणून सगळ्या सभागृहाने वाजवल्या. सूत्रसंचालक म्हणाला की आजींनी प्रमाणपत्राच्या पलीकडे जाऊन जीवनाचं वाक्य वाचलं. फोटो निघाला. त्यात पुस्तक नव्हतं, पण बोट बरोबर ओळीवर होतं.

गुरुजी वाचले. वाचल्याचा आनंद त्यांना सभागृहाच्या दारापर्यंत पुरला. बाहेर रस्त्यावर शाल पांघरलेल्या निंगव्वा नारळ सांभाळत उभ्या होत्या. समोरून एक एसटी आली. तिच्या कपाळावरची पाटी पोराच्या वहीएवढ्या अक्षरांत लिहिलेली, स्वच्छ, उन्हात चमकणारी. निंगव्वांनी तिच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं, गाडी पुढे जाईपर्यंत पाहिलं, आणि विचारलं, "गुरू, ही कुटं जाती?"

"अक्कलकोटला," गुरुजी म्हणाले. त्यांना स्वतःची लाज वाटली. गेल्या सहा महिन्यांत पहिल्यांदा, आणि चांगली पोटातून वाटली.

घरी आल्यावर त्यांनी शर्टही बदलला नाही. मोबाइल वाजत होता. पुढच्या वर्षी प्रत्येकी पंधरा असाक्षर शोधायचे होते. त्यांनी तो बंद करून वैजयंतीच्या हातात दिला. आईला पाटावर बसवलं, स्वतः शेजारी मांडी घातली आणि वाचनपुस्तिका उघडली. सातव्या पानावर ती आपोआप उघडली, कारण तिथे खुणेला एक कागद घातला होता. चौघडी केलेला, घड्यांवर मळलेला, पेन्सिलीने लिहिलेला. सतरा वेळा नळाला पाणी आले होते.

गुरुजी कागदाकडे बघत राहिले. शर्ट धुवायला कोण टाकतं हे त्यांनी कधी लक्षात घेतलं नव्हतं. जगातल्या सगळ्या लिहिलेल्या कागदांपैकी एकच कागद निंगव्वांना ओळखता येत होता, आणि तो त्यांना मुलाच्या खिशात सापडला होता. सत्काराच्या आधी. माईकसमोर उभं राहायच्या आधी.

"अव्वा," ते म्हणाले. त्यांनी पान उलटलं. आठवं पान. त्यावर एक लहानसं घर होतं आणि खाली एक लहानशी ओळ. गुरुजींनी त्या ओळीच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि आईने पाहायची वाट पाहू लागले.

निंगव्वांनी मान वर केली. पदर सारखा केला, आणि फ्रिजवरच्या साखरेच्या डब्याकडे बघून हसल्या.

"नाही अव्वा," गुरुजी म्हणाले, "आज फोटो नाही."

निंगव्वांचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि शेवटी त्याच्या बोटाकडे पाहिलं.

"मग बोट कशाला ठेवलंयस?"